सकाळचा पाय खोटा

तो मला बारा वर्षं ओळखत होता आणि बारा वर्षांत त्याने माझं तोंड एकदाही धड पाहिलं नाही. मी समोर उभी राहिले की त्याची नजर जमिनीवरून निघायची, माझ्या पावलांशी पोचायची आणि तिथेच मांडी ठोकून बसायची. चोवीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, स्वतःला जरा बरी दिसणारी समजणाऱ्या बाईला याचा दोन प्रकारे राग येतो. एक, हा मेला पायांकडे का बघतो? आणि दोन, तोंडाकडे का बघत नाही? दुसरा राग मी तेव्हा कुणाला सांगितला नव्हता. आता सांगायला हरकत नाही. आता माझ्या तोंडाकडे दातांचा डॉक्टर सोडून कुणी बघत नाही.

सिल्वासाहून नरोलीला जाणारा रस्ता जिथे गाव सोडायचा, तिथे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन पत्रे, एक हवेचा पंप, पंक्चर बघायची पाण्याची घमेली आणि तारेला लटकवलेले जुन्या चपलांचे तळ. हो, तळच. पट्टे नाहीत, बंद नाहीत, नुसते झिजलेले तळ, सुकत घातलेल्या बोंबलांसारखे. माणूस धुळ्याकडचा. आधी सिल्वासातल्याच एका कारखान्यात होता, मग तो सायकली दुरुस्त करायला लागला. मधलं काही तो सांगत नसे. बोलणं खानदेशी, त्यात गुजराती ‘बेन’ आणि कारखान्यातलं हिंदी असं कालवलेलं.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. कारखाने वाढत होते आणि पाळीला जाणाऱ्या मजुरांच्या सायकलींची त्याच्याकडे सकाळी रांग लागायची. कुणी म्हणे ब्रेक लागत नाही, कुणी म्हणे चेन पडते. हा मान वर न करता म्हणायचा, “चप्पल काढ.”

चप्पल वाचल्याशिवाय तो सायकलीला हात लावत नसे. तळ उजेडाकडे धरायचा, वाकवायचा, झिजलेल्या जागी अंगठा फिरवायचा. मग निकाल. “चेन नाही पडत. तू डाव्या पायानं लाथ मारी राहिला पेडलला.” गिऱ्हाइकांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्याने आपली ठेवली होती: टाचघाश्या, डावा दाब, अंगठेबहाद्दर. टाचघाश्या मागच्या पाळीला होता आणि डावा दाब गावाकडे गेलाय, अशा बातम्या तो द्यायचा आणि लोकांना त्या बरोबर कळायच्या.

त्याचा विश्वास कशावरच नव्हता. नव्या टायरवर नाही, पंपाच्या काट्यावर नाही, डॉक्टरच्या मलमावर नाही आणि चपलांच्या दुकानदारावर तर मुळीच नाही. “पहिले संशय घ्यायचा, मग पाना घ्यायचा,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. दुसरं एक त्याचं आवडतं होतं: “सकाळचा पाय खोटा. चप्पल घ्यायची तर संध्याकाळी घ्या. दिवसभर राबून पाय फुगतो ना, तेव्हा तो खरं बोलतो.”

असा हा संशयी माणूस. आणि मी त्याच्यावर संशय घेतला. दोघांत जास्त हुशार कोण ते पुढे कळेलच.

मी रत्नागिरीकडची. नरोलीच्या रस्त्यावर एक मराठी शाळा होती, मजुरांची आणि आजूबाजूची मुलं यायची. तिथे मी तिसरीच्या वर्गाला होते, तात्पुरत्या ऑर्डरवर. वर्ष संपताना मस्टर बघून पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. घरी म्हणजे खरंच घरी. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “पक्की झालीस तर राहा तिकडे. नाहीतर सामान बांधायचं आणि मी सांगेन त्या मुलासमोर बसायचं.” तो मुलगा मी पाहिला होता. पोहे खाताना तो बोलत असे आणि बोलताना पोहे बाहेर येत असत.

शाळेला बस होती, पण ती आपल्या मर्जीची. म्हणून मी एक जुनी लेडीज सायकल घेतली आणि पहिल्या महिन्यातच पाय दुखायला लागले. साधं दुखणं नव्हे. वाटेतल्या अथाळच्या पुलापाशी पोचेपर्यंत चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, मग बोटांना मुंग्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळायचं नाही. पुलावर मी उतरायची, कठड्याला सायकल टेकवायची आणि नदीकडे बघत उभी राहायची. लोकांना वाटायचं, बाईंना निसर्गाची आवड आहे. तोवर शाळेची घंटा होऊन जायची. दिवाळीच्या आत मस्टरवर माझ्या नावापुढे दोन तांबड्या खुणा पडल्या. हेडमास्तर गुजराती, फार गोड माणूस. गोडच आवाजात म्हणाले, “बेन, तीन झाल्या की मला वर लिहावं लागतं. मला नका लिहायला लावू.”

तेव्हा मी त्याच्या दुकानात पहिल्यांदा गेले. म्हटलं, “सायकल जड जाते. पाय दुखतात. जरा तेल घाला.”

“चप्पल काढा.”

“काय?”

“चप्पल, चप्पल. या पुठ्ठ्यावर उभ्या राहा, पाय मळतील.”

माझा पाय नुकताच घमेल्यातल्या सांडलेल्या पाण्यात पडला होता. तसाच ओला पाय मी पुठ्ठ्यावर ठेवला. त्याने माझी सँडल उचलली, नाजूक, पुढे सोनेरी टिकली असलेली. ती वाकवली. मग माझ्या पायाकडे पाहिलं. मग परत सँडलकडे.

“नंबर?”

“पाच,” मी म्हटलं.

“हं,” तो म्हणाला.

त्या ‘हं’मध्ये इतकं होतं, की मला कुणीतरी भर वर्गात फळ्यासमोर उभं करून गणित चुकलं म्हटल्यासारखं झालं.

आता पाचाची गोष्ट. सतराव्या वर्षी मला पहिलं स्थळ आलं होतं. मला चालून दाखवायला लावलं. मुलाच्या आत्याने पावलांकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, “मुलगी छान हो. पण हिने घरात पाऊल टाकलं की उंबरा भरून जायचा.” सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या दिवसापासून माझ्या पायाचा नंबर पाच. दुकानदाराने जोर लावला, बूट चढवायच्या शिंगाने ढकललं, तरी पाच. टाच मागून अर्धा इंच बाहेर आली तर पदर सोडून झाकायची. सात वर्षं डी.एड. आणि नोकरीच्या खटपटीत गेली, पण एकदाही मी सहाचा जोड मागितला नाही. इतकी निष्ठा मी पुढे नवऱ्याशीही दाखवली नसेल.

त्याने पेडलचं झिजलेलं रबर बदललं आणि म्हणाला, “सीट चार बोटं वर पाहिजे. तुमचा गुडघा पोटात जाऊन राहिला. पाय सरळच होत नाही, म्हणून सगळा भार चवड्यावर.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “मी शिक्षिका आहे. सायकल थांबवली की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. नऊवारी, पाचवारी काहीही नेसले तरी. रस्त्यात एका पायावर लंगडी घालत उभी राहू काय?”

आमच्या गावाकडे सायकल चालवणाऱ्या बायकांची ती रीतच होती. दोन्ही तळवे जमिनीला टेकले की बाई सभ्य. सीट वर म्हणजे बाई फार पुढे गेली. मी ही रीत रत्नागिरीहून नरोलीपर्यंत सांभाळून आणली होती आणि तिच्यापायी रोज सात-आठ किलोमीटर बेडकासारखे पाय मारत होते.

“तुमची मर्जी,” तो म्हणाला. माझ्या पायांना उद्देशून.

माझ्या खोलीत कुंदा राहायची, मुंबईहून आलेली, सरकारी कचेरीत टायपिस्ट. मी तिला सगळं सांगितलं. ती गादीवर उठून बसली.

“अगं, तो पायवाला? बायकांच्या चपला हातात घेऊन बघतो म्हणे.”

“माझी पण घेतली.”

“आणि ओल्या पायाने पुठ्ठ्यावर उभं केलं?”

“हो.”

“पुठ्ठा कुठे गेला?”

पुठ्ठा! मी पुठ्ठ्याचा विचारच केला नव्हता. त्या रस्त्यावर दुसरा पंप नव्हता, म्हणून पुढच्या सोमवारी हवा भरायला गेले तेव्हा मुद्दाम आत डोकावले. मागच्या पत्र्यावर पुठ्ठ्यांची रांग. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेलं पाऊल, खाली आकडा. नऊ. आठ. दहा. आणि कडेला एक, जरा लहान, तरी रुंद. त्याखाली लिहिलेलं: ५?

प्रश्नचिन्हासकट.

“करणी,” कुंदा म्हणाली. “पावलाची माती घेतात, पाऊल काढून घेतात. आमच्या चाळीत एकीचं असंच झालं.”

आता हसू नका. मी शाळेत ‘अंधश्रद्धा घातक असते’ हा धडा शिकवत होते. मुलांकडून तीन वेळा लिहून घेतला होता. पण त्या सोमवारपासून मी त्याच्या दुकानासमोर उतरले, की आपली पावलं पुसत चालायची. एक पाऊल टाकायचं, मागे वळून चपलेने घासून टाकायचं, मग दुसरं टाकायचं. पाच पावलांच्या अंतराला मला पाच मिनिटं लागायची. चहाच्या टपरीवरचे मजूर बशीतला चहा ओठांशी धरून माझ्याकडे बघत बसायचे. टाचघाश्याने एकदा विचारलं, “बेन, काई पडलं का?” मी म्हटलं, “हो, टिकली.” पुढे आठ सोमवार माझी टिकलीच पडत होती.

आणि हवा भरेपर्यंत मी ऑइलच्या रिकाम्या पिंपाआड उभी राहायची, पाठ करून. का, तर त्याला पाय दिसू नयेत. वा गं शहाणे! आपले पाय झाकायला सायकल त्याच्या हवाली करून पाठ फिरवायची, हे तुझंच डोकं.

मग दुसरंच सुरू झालं. सायकल बदलायला लागली. उतरताना पूर्वी तळवे टेकायचे, आता चवडेच टेकू लागले. काही दिवसांनी नुसती बोटं. मला आधी वाटलं, आपण बारीक झालो. मग वाटलं, करणी लागली, पाय आखडायला लागले. कुंदाने दरवाजात उभं करून माझी उंची मोजली. उंची होती तेवढीच होती.

गंमत म्हणजे पाय कमी दुखत होते. चवड्याखालचा निखारा विझत आला होता आणि पुलावर आता फक्त बोटांसाठी थांबावं लागत होतं. याचं श्रेय मी शनिवारच्या मारुतीला दिलं. तेल वाहायला लागले होते ना. थोडं श्रेय कुंदाच्या बामला. दोघांचे आभार मानले आणि सायकलीला कोण हात लावतं ते शोधायला लागले.

कुंदाचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि सीटच्या दांड्यावर, जिथे तो नळीत शिरतो तिथे, रविवारी बारीक रेघ ओढली. सोमवारी संध्याकाळी पाहते तर रेघ करंगळीच्या नखाएवढी वर! म्हणजे चोर सोमवारचा. सोमवारी सायकल असते शाळेत. शाळेत कोण? चित्रकलेचे सर. ते मला मागच्याच आठवड्यात म्हणाले होते, “बाई, अजून सायकलनेच येता?” त्या ‘अजून’चा अर्थ मला आता लागला. माझ्या जागेवर त्यांच्या बहिणीला आणायचं होतं! मी भर शिक्षकखोलीत त्यांना विचारलं, “सर, माझी सीट वर करून तुम्हाला काय मिळतं?” ते गोरे गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. त्यांना बहीण नव्हती, हे मला नंतर कळलं.

पुढच्या सोमवारी मी सायकल सरळ वर्गात आणून उभी केली. मुलांनी दिवसभर घंटी वाजवली. पाढे म्हणताना बे चोक आठ, ट्रिंग. चित्रकलेचे सर दाराबाहेरूनसुद्धा गेले नाहीत. संध्याकाळी पाहते तर रेघ पुन्हा नखभर वर.

त्या रात्री मी कुंदाला विचारलं, “खरं सांग, तू तर नाहीस?” ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि आपला स्टोव्ह वेगळा पेटवला.

एवढं झालं तरी त्याचं नाव माझ्या मनात आलं नव्हतं. तो पायांचा गुन्हेगार, हे मी पक्कं करून टाकलं होतं. पायांचा गुन्हेगार सीटला कशाला हात लावेल? माझ्या संशयाची गाडी रुळावरून हलायलाच तयार नव्हती.

शेवटी नवव्या सोमवारी पर्समधला छोटा आरसा काढला. पिंपाआड नेहमीसारखी पाठ करून उभी राहिले, कुंकू नीट करत असल्यासारखा आरसा धरला आणि खांद्यावरून मागचं पाहिलं. त्याने पुढच्या चाकात हवा भरली. मागच्या चाकात भरली. इकडे तिकडे पाहिलं. मग कमरेचा पाना काढला, नट सैल केला, सीट जराशी उचलली, नट आवळला आणि सीटवरची धूळ फडक्याने पुसली. देवघरातली मूर्ती पुसावी तशी.

“चोर!” मी ओरडले.

टपरीवरचे सगळे उठले. मी पुढे गेले, पावलं न पुसता. “माझ्या सायकलला न विचारता हात लावता? चौकीवर जाईन मी! चपला बघता, पावलं काढून ठेवता, काय चाललंय काय तुमचं?”

तो माझ्या पायांकडे बघत होता. “चवडा दुखतो का आता?”

“ते विचारू नका!”

“दुखतो का?”

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. “चवडा नाही,” मी म्हटलं. “बोटं.”

“हां. सीटचा गुन्हा माझा, बेन. बोटांचा तुम्ही करी राहिल्या.”

लोक हसले. आणि ते हसणं मला सरळ त्या आत्याच्या उंबऱ्यापाशी घेऊन गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मला राग दुप्पट येतो. मी म्हटलं, “सीट खाली करा. होती तिथे. आत्ता.”

त्याने काही वाद घातला नाही. नेलपॉलिशची रेघ नळीत जाऊन दिसेनाशी होईपर्यंत सीट खाली केली. “चालेल?” त्याने विचारलं.

“चालेल,” मी म्हटलं.

“चालेल,” तो हळूच म्हणाला आणि आपल्या उजव्या पायातली चप्पल काढली. पहिल्यांदाच मी त्याच्या पायाकडे पाहिलं. शेवटची दोन बोटं नव्हती. “कंपनीत बूट वाटले. मला नऊ पाहिजे, त्यांच्याकडे सात उरले. मुकादम म्हणाला, चालेल का? मी म्हणालो, चालेल. बारा तास उभं राहायचं. पाय बधिर झाला, आत खिळा घुसला तो चार दिवस कळलाच नाही.” त्याने चप्पल परत घातली. “जा तुम्ही. घंटा होईल.”

मी गेले. कुणाचं काही ऐकून शहाणं होण्याचं माझं वय नव्हतं.

चार दिवसांत निखारा परत आला, आधीपेक्षा मोठा. मारुतीला दोनदा तेल वाहिलं. पुलावर मी रोज निसर्ग बघू लागले. गुरुवारी घंटेच्या शेवटच्या ठोक्याला फाटकात शिरले. हेडमास्तर हातात तांबडी पेन्सिल घेऊनच उभे होते. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, “सोमवारी खात्याचे साहेब येणार आहेत. मस्टर ते स्वतः बघतील. सोमवारी मी काही करू शकणार नाही, बेन.”

सोमवारी मी लवकर निघाले. पण खोलीपासून नाक्यापर्यंतच बोटं मेली. त्याच्या दुकानासमोर उतरले, तर पाय जमिनीला टेकलाय की नाही तेच कळेना. पंधरा-वीस मजूर टपरीवर होते. मी सायकल त्याच्यासमोर उभी केली.

“वर करा.”

“किती?”

“तुम्हाला ठाऊक आहे.”

त्याने पाना हातात घेतला. मग थांबला. “नंबर?”

“अहो, मला उशीर होतोय. साहेब येणार आहेत. नोकरी जाईल माझी!”

“नंबर?”

“पाच.”

त्याने पाना खाली ठेवला. अगदी सावकाश, फडक्यावर. मग विडी काढली. मी घड्याळाकडे पाहिलं. पूल ओलांडून शाळेत पोचायला अर्धा तास, आणि घंटेला उरली होती पस्तीसच मिनिटं.

“सहा,” मी म्हटलं.

तो विडी कानामागे लावून चेन बघायला लागला. दुसऱ्याच कुणाची तरी.

“सात,” मी पुटपुटले.

“ऐकू नाही आलं. कारखान्यात राहून कान गेले माझे.”

“सात!” मी अशी ओरडले, की टपरीवाल्याच्या हातून चहा सांडला. “सात नंबर! सात! आणि रुंदसुद्धा! झालं समाधान?”

मग टाचघाश्या गंभीरपणे म्हणाला, “माझ्या बायकोचा आठ आहे, बेन.” आणि परत चहा पिऊ लागला. एवढंच. सात वर्षं मी ज्या गोष्टीसाठी पाय जाळून घेतले, ती ऐकून कुणाचा एक घोटसुद्धा चुकला नाही.

तो आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. टायरच्या तळाच्या चपला. काळ्या, जाड, कुरूप, पुढून होडीसारख्या रुंद. पट्टा बरोबर माझ्या चवड्याच्या उंचवट्याच्या मागे आवळणारा. कधीपासून करून ठेवल्या होत्या कोण जाणे. टायरवर धूळ बसली होती.

“संध्याकाळी फुगल्यावर पट्टा एक भोक सैल करायचा,” तो म्हणाला. “चवडा पेडलच्या बरोबर दांडीवर. पायाचा खळगा नाही, बोटं नाही, चवडा. टाच मोकळी सोडा. उतारावर पेडल मारू नका, बोटं हलवा.” मग सीट वर केली. चार बोटं नाही, दोनच.

“पूर्ण करा ना!”

“एकदम नको. पायाला संशय येईल.”

त्या दिवशी मी अथाळच्या पुलावर थांबले नाही. नदी कशी होती ते मला सांगता येणार नाही. घंटेला चार मिनिटं होती तेव्हा मी फाटकात होते. साहेबांनी मस्टर पाहिलं, वर्ग पाहिला, मुलांना पाढे विचारले. एका मुलाने सवयीने बे चोक आठनंतर ‘ट्रिंग’ म्हटलं. जाताना साहेबांची नजर माझ्या पायांवर गेली. मी पदराने झाकायला हात खाली नेला आणि तसाच परत आणला. मार्चमध्ये पक्की ऑर्डर आली. वडिलांना तार केली. चित्रकलेच्या सरांना पेढा दिला, त्यांनी तो लांबूनच घेतला. कुंदाशी स्टोव्ह परत एक झाला.

माझा त्याच्यावरचा संशय गेला असं मात्र समजू नका. एवढ्या सहजासहजी जातो तो संशय कसला? पुढे कित्येक वर्षं मी हवा भरताना पिंपाआड उभी न राहता समोर राहायची आणि त्याच्या हातांवर नजर ठेवायची. तोही माझ्या चपलांवर नजर ठेवायचा. आमचं बरं चाललं होतं.

लग्न ठरलं तेव्हा मी होणाऱ्या नवऱ्याला मुद्दाम त्या रस्त्याने नेलं. काही कारण नव्हतं, आपलं हवा भरायला. “चप्पल काढा,” तो म्हणाला. नवरा बिचारा वापीच्या बँकेतला, त्याने भांबावून काढून दिली. तळ उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला. माझा श्वास अडकला. पत्रिका पाहताना इतका अडकला नव्हता. “दोन्ही टाचा सारख्या झिजल्या,” तो शेवटी म्हणाला. “माणूस बराबर आहे. नंबर खरा सांगतो.” हे प्रमाणपत्र मला पुढच्या चाळीस वर्षांत खोटं ठरवता आलं नाही. प्रयत्न मी पुष्कळ केले.

मग मजुरांकडे मोपेड आल्या, कारखान्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या. नाक्यावरची रांग आखडत गेली. टाचघाश्या गावी परतला. तारेवरचे तळ वाढले नाहीत. मीही मोपेड घेतली. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल, माझी बदली झाली आणि शाळेने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर. मी नवी साडी नेसले. आणि साडीला शोभतील म्हणून सँडल आणल्या. दुकानात सकाळी अकरा वाजता घेतल्या.

जाताना त्याला भेटायला थांबले. तो पुठ्ठ्यावर बसून होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पांढुरके, दुधाची साय धरल्यासारखे. पत्र्याच्या पुढे खडी पसरली होती. मी तिच्यावरून चार पावलं टाकली, तोंडातून शब्दही काढला नव्हता.

“पाच नंबर,” तो म्हणाला.

“पाच नाही हो,” मी म्हटलं. “सहा.”

“हं,” तो म्हणाला.

मी पस्तिशीची, एका मुलीची आई, आता दुसऱ्या शाळेची हेडमास्तरीण होणार होते. त्या ‘हं’ने मला परत फळ्यासमोर उभं केलं. मी सांगायला लागले, की आजच्या दिवसापुरत्याच आहेत, तासाभराचाच प्रश्न आहे, इतकं काही दुखत नाही, चालेल. शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले.

त्याने नुसता हात पुढे केला, तळवा वर करून, आणि तसाच धरून बसला. डोळे माझ्या तोंडाच्या दिशेने होते. पहिल्यांदाच. आता त्यांना काही दिसत नव्हतं म्हणून असेल.

मी सँडल काढून त्याच्या हातावर ठेवल्या आणि मोपेडच्या डिकीतल्या जुन्या टायरच्या चपला घातल्या. तीनदा पट्टा बदललेल्या, पण तळ तोच.

कार्यक्रमाचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. शाल, नारळ, हार, मागे हेडमास्तर आणि लांब उभे असलेले चित्रकलेचे सर. परवा नातीने विचारलं, “आजी, एवढी छान साडी आणि खाली टायरच्या चपला? काहीतरीच सांगतेस.” तिचा स्वतःचा पाय सातचा आहे आणि ती सहाचे बूट घालते. मला माहीत आहे, मी टाचा पाहिल्यात.

फोटोग्राफरने फोटो कमरेपर्यंतच घेतला होता. तेव्हा खाली काय होतं याचा पुरावा माझ्याकडे नाही. तिला संशय आला तर येऊ दे. मी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर टाकला आणि तिला म्हटलं, “बूट काढ. या पुठ्ठ्यावर उभी राहा.”